पेसमेकर बसवल्यावर नागद्वारी? नागपूरकरांनो, अनुभव सांगा

फुटाळा_सकाळ | २ मे, सकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. वय ५९, राहायला धरमपेठेत. जानेवारीत फुटाळ्याच्या काठावर फिरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. हनुवटीला चार टाके पडले. दवाखान्यात ईसीजी काढला तर नाडी ३४. कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचतच नव्हता. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. दोन दिवसांनी डाव्या खांद्याखाली दोन तारांचा पेसमेकर बसला.

आता चार महिने होत आले. तब्येत उत्तम. प्रश्न असा की गेली २२ वर्षं मी श्रावणात पचमढीला नागद्वारीच्या डोंगरयात्रेला जातो. यंदा घरात विषय काढला तर बायको उठून आत गेली आणि मुलगा म्हणाला, "बाबा, आता बस झालं." डॉक्टर म्हणतात सगळं करा, पण जपून. हे "जपून" म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. घरी मला पाण्याची बादली उचलू देत नाहीत. पिशवीभर संत्री आणली तरी हातातून काढून घेतात.

पेसमेकर असून डोंगर चढणारं, सायकल चालवणारं, पोहणारं कुणी आहे का इथे? खरं काय ते सांगा.

---

संत्रानगरी | २ मे, सकाळी ७:१५

काका, माझ्याजवळ अनुभव नाही, पण वाचून राहिलो. बादलीवरून आठवलं, आमचे आजोबा हर्नियाच्या ऑपरेशननंतर विहिरीवर चोरून जायचे.

---

पेडल_वैदर्भीय | २ मे, सकाळी ९:४०

मला बसवून सहा वर्षं झाली. आजही आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल होते. पण पहिल्या वर्षी काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण त्याच्यात तुमच्या "जपून"चं उत्तर असू शकतं.

माझा आजार तुमच्यापेक्षा वेगळा. सिक सायनस. म्हणजे ताल धरणारी मूळ गाठच मंद झालेली. श्रम केले तरी नाडी वाढत नव्हती. पेसमेकर बसला, चालताना एकदम मस्त वाटायला लागलं, जिने चढायला लागलो. तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून सायकल काढली आणि काटोल रोडने फेटरीकडे निघालो. गोरेवाडा ओलांडला आणि धाप लागली. सपाट रस्ता, वारा नाही, आणि मी कुत्र्यासारखा धापा टाकतोय. घड्याळात नाडी ७२. थोडं पुढे रस्ता खोदून ठेवलेला होता. त्या खड्ड्यांतून गेलो तर नाडी ९५, आणि बरं वाटायला लागलं! पुन्हा डांबर लागलं की पुन्हा धाप.

घरी आल्यावर मला वाटलं की संपलं, आपलं हृदय गेलं. दवाखान्यात सांगितलं तेव्हा तिथल्या तंत्रज्ञानं लगेच ओळखलं. माझ्या पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. चालताना छाती हलते, त्याला कळतं की हा माणूस श्रम करतोय, तो ठोके वाढवतो. सायकलवर पाय फिरतात पण छाती स्थिर राहते, म्हणून त्याला वाटतं की साहेब आरामखुर्चीत बसलेत. खड्ड्यात छाती हादरली की तो जागा होतो. त्यांनी सेन्सरची संवेदनशीलता वाढवली, मला कॉरिडॉरमधून चालवलं, जिना चढायला लावला, पुन्हा थोडं कमी केलं. दोन खेपा लागल्या. त्यानंतर तो रस्ता मला कधी जड गेला नाही.

तेव्हा आधी तुमचं यंत्र तुमच्या कामाला जुळवून घ्या. ते बसवताना खाटेवर झोपलेल्या माणसाच्या हिशोबानं लावलेलं असतं.

---

तर्री_मारके | २ मे, सकाळी १०:०५

सायकलवाले भाऊ, म्हणजे नागपुरातले खड्डे तब्येतीला चांगले असतात हे सिद्ध झालं म्हणायचं 😄

---

सौ_महालकर | २ मे, दुपारी १:२०

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. माझ्या वडिलांना दोन स्टेंट आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की डोंगर, ओझं, दगदग नको. हृदयाशी खेळ नको, दादा. महादेव घरच्या देव्हाऱ्यातही आहे.

---

कॅथलॅबवाला | २ मे, रात्री ११:१०

सोळा वर्षं नागपुरात याच कामात आहे. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. पेसमेकर तपासणं, सेटिंग बदलणं हे माझं रोजचं काम. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या वडिलांची काळजी रास्त आहे, पण ती गोष्ट वेगळी. स्टेंट नळात, म्हणजे रक्तवाहिनीत बसतो, पेसमेकर वायरिंगला बसतो. घरातला नळ तुंबणं आणि फ्यूज उडणं या दोन तक्रारी आहेत. काकांचे नळ स्वच्छ आहेत असं त्यांनीच लिहिलंय. स्नायू चांगला, नळ चांगले आणि वायरिंग दुरुस्त झालेलं, अशा माणसाला चालण्याफिरण्यावर बंधन घालायचं कारण नसतं. उलट त्यानं चालावं म्हणूनच ते बसवतात.

काका, तुमच्यासाठी मुद्दा सेन्सरचा नाही. तुमची ताल धरणारी गाठ शाबूत आहे. चढावर ती आपणहून ११०, १२०, १३० असा वेग वाढवते. पेसमेकरची वरची तार ते ऐकते आणि खालची तार तेवढेच ठोके खालच्या कप्प्याला देते. फक्त त्याला एक वरची हद्द घालून दिलेली असते. समजा ती १२० आहे आणि चढावर तुमची गाठ १३५ मागतेय, तर पेसमेकर मधले मधले ठोके गाळायला लागतो. माणसाला काय जाणवतं? चांगला चढत असतो आणि अचानक पायातला जीव जातो. दोन मिनिटं बसलं की पुन्हा ठीक. लोकांना वाटतं वय झालं. नाही. हद्द कमी पडली.

एकदम नागद्वारीला जाऊ नका. आधी एखादा ओळखीचा चढ चढा, मनगटावर घड्याळ ठेवा, आकडे लिहून आणा. मग डॉक्टरांना सांगून ट्रेडमिलवर चालत हद्द ठरवता येते.

बादलीबद्दल: पहिले चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि जड उचलायचं नाही, कारण तारांची टोकं हृदयाच्या आत घट्ट बसायची असतात. तो काळ तुमचा कधीच संपला. तपासणीत सगळं ठीक असेल तर बादली उचला.

---

रामटेकची_लेक | ३ मे, सकाळी ८:००

वरच्या मुद्द्याला माझी पुस्ती. आमच्या मावशीला पेसमेकर बसला तेव्हा तिला "हात वर करू नका" एवढंच ऐकू आलं, किती दिवस ते नाही. तिनं तीन महिने डावा हात पोटाशी धरून ठेवला. झोपतानाही ओढणीनं बांधायची. शेवटी खांदा असा आखडला की तिला स्वतःचा अंबाडा घालता येईना. मी घालून द्यायचे आणि ती आरशात बघून रडायची. फिजिओथेरपीला आठ महिने गेले. हृदय ठणठणीत, हात गेला, आणि तोही नुसत्या भीतीनं. आणि हो, फिजिओकडे गेलं की पेसमेकर आहे हे आधी सांगायचं. ते करंट देणारं मशीन लावायला निघतात.

काका, ओळखीचा चढ हवाय ना? आमच्या रामटेकला या. अंबाळ्याकडून पायऱ्यांनी गडमंदिर. उन्हं चढायच्या आत उतरून यायचं.

---

संत्रानगरी | ३ मे, सकाळी ८:३०

जास्त चाललं तर बॅटरी लवकर संपते का हो? माझ्या शेजाऱ्यांनी त्याच भीतीनं सकाळचं फिरणं बंद केलं, म्हणून विचारतो.

---

कॅथलॅबवाला | ३ मे, सकाळी ९:१५

शेजाऱ्यांना उद्यापासून बाहेर काढा. बॅटरी साधारण ७ ते १२ वर्षं चालते. हार्ट ब्लॉकच्या माणसात यंत्र रात्रंदिवस काम करतच असतं, तासभर फिरल्यानं त्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

---

काटोलचा_शेतकरी | ३ मे, दुपारी २:४५

शहरातल्या लोकांच्या ध्यानात येणार नाही अशी एक गोष्ट सांगतो जी. आता आमच्याकडं रानडुकरांपायी वावराला झटका मशीन लावून राहिले सगळे. सोलरवरचं. तार बारीक असते, गवतात दिसत नाही. माणसाला तो झटका लागला तर टुणकन उडतो आणि शिव्या देतो, एवढंच. पण माझ्या साळ्याला पेसमेकर आहे, त्याच्या डॉक्टरनं बजावून सांगितलं की त्या तारेला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, दोन हात लांब राहायचं. मी आता कुंपणाला लाल चिंध्या बांधून ठेवल्या आहेत. जंगलाच्या वाटेनं फिरणाऱ्या माणसानं वावरातून शॉर्टकट मारू नये, एवढंच सांगतो.

---

तर्री_मारके | ३ मे, दुपारी ३:१०

हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद भाऊ. माझे बाबा पेंचला जातात पक्षी पाहायला, त्यांना आत्ताच फोन करतो.

---

सातपुडा_वाट | ४ मे, रात्री ९:००

मी नागद्वारीला १४ वेळा गेलोय आणि तीन वर्षं मंडळाच्या मदत तंबूत बसलोय. त्यामुळे मी "जाऊ नका"च्या बाजूचा आहे, पण कारण हृदय नाही.

ती वाट जंगलाच्या राखीव भागातून जाते, नागपंचमीच्या आसपास थोडेच दिवस उघडते. तेव्हा पाऊस धो धो असतो. चिखल, शेवाळलेले दगड, लोखंडी शिड्या आणि मागून रेटणारी माणसं. मी जेवढे जखमी पाहिले ते सगळे घसरून पडलेले होते. शिडीवर पाय निसटला की माणूस एका हातानं लोंबकळतो. तो हात डावा असेल तर? खांद्याखाली पेसमेकर ठेवलेल्या त्या खिशावर कुणाचं कोपर बसलं तर? मोबाइलला रेंज नसते, डोलीतून खाली आणायला तासन् तास लागतात.

काकांना हिवाळ्यात पचमढीचाच चौरागड डोंगर करायला सांगा. पायऱ्या आहेत, हवा कोरडी असते, त्रिशूळ घेऊन जाणारे भाविक सोबतीला असतात. महादेव तोच.

---

पेडल_वैदर्भीय | ४ मे, रात्री १०:२०

तुमचं म्हणणं पटतं, पण हे सगळं पेसमेकर नसलेल्या साठीच्या माणसालाही लागू आहे ना? मग त्यालाही थांबवणार का? इतकी वर्षं जाऊन आलेल्या माणसाचा पाय कुठे ठेवायचा हे त्याला ठाऊक असतं.

---

सातपुडा_वाट | ४ मे, रात्री १०:५०

थांबवतोही. दरवर्षी भांडतो.

---

इतिहासवेडी | ५ मे, सकाळी ७:३०

थोडं अवांतर. ज्या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला तो स्वीडनचा आर्ने लार्सन. ८ ऑक्टोबर १९५८. शल्यविशारद ओके सेनिंग, यंत्र बनवणारा अभियंता रूने एल्मक्विस्ट. तो पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. पण लार्सन जगले, एकामागून एक २६ पेसमेकर वापरले आणि २००१ मध्ये, ८६ वर्षांचे होऊन, हृदयाशी संबंध नसलेल्या आजारानं गेले. ज्या सेनिंग आणि एल्मक्विस्टनी त्यांना वाचवलं, त्या दोघांपेक्षाही जास्त जगले.

काका, तुमचा तर पहिलाच आहे.

---

फुटाळा_सकाळ | ६ मे, रात्री ९:३०

मी ह्यांची बायको लिहितेय, ह्यांच्याच आयडीनं. सगळी उत्तरं वाचली. सगळे ह्यांना काका म्हणून धीर देताय, बरं वाटलं. पण त्या दिवशी तिथे मी होते.

आम्ही रोज बरोबर फिरतो. त्या दिवशी हे मला घरच्या टाकीबद्दल सांगत होते. "परवा प्लंबर" एवढं म्हणाले आणि पुढचा शब्द आलाच नाही. मी वळून पाहिलं तर हे उभेच्या उभे खाली येत होते. हात पुढे केले नाहीत, काही नाही. हनुवटी फरशीवर आपटल्याचा आवाज मला अजून येतो. चेहरा राखेसारखा झाला होता. मग एकदम लाली आली, डोळे उघडले, आणि मला विचारतात, "तू का बसलीस खाली?" किती वेळ गेला असेल मला सांगता येत नाही. शेजारच्या मुलानं सांगितलं, अर्धा मिनिट.

तेव्हापासून मी रात्री तीनला उठते आणि ह्यांचं मनगट धरते. ह्यांना माहीत नाही. आता वाचतील. ६० मोजले की झोपते.

बादली मी उचलू देत नाही ते ह्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. कॅथलॅबवाले भाऊ, तुम्ही लिहिलंत तसं आजवर मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक कार्ड दिलं आणि "विमानतळावर दाखवा" म्हणाले.

रामटेकला मी ह्यांच्याबरोबर चढणार. घड्याळ माझ्या हातात राहणार. त्यानंतर बघू.

---

रामटेकची_लेक | ६ मे, रात्री ९:४५

काकू 🙏 रविवारी या. उतरल्यावर आमच्या घरी पोहे आणि मठ्ठा. माकडांपासून पिशवी सांभाळा.

---

कॅथलॅबवाला | ६ मे, रात्री ११:३०

वहिनी, आमचीच चूक आहे. खाटेवरच्या माणसाला सगळं सांगतो, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काहीच सांगत नाही. ते कार्ड पाकिटात कायम ठेवा. मेट्रोच्या मेटल डिटेक्टरच्या दारातून न थांबता सरळ चालत जायचं, तपासणाऱ्याच्या हातातलं यंत्र छातीवर रेंगाळू द्यायचं नाही. मोबाइल डाव्या खिशात नको, एक वीत लांब ठेवा. स्वयंपाकघरात इंडक्शन असेल तर त्यावर वाकायचं नाही, दोन फूट अंतर ठेवा. बाकी मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह बिनधास्त.

आणि ६० मोजता ना, बरोबर मोजता. बहुतेक पेसमेकर खालच्या बाजूला ६० ला लावलेले असतात.

---

फुटाळा_सकाळ | ११ मे, दुपारी १२:१०

रामटेक झालं. आता मीच लिहितोय.

साडेपाचला पायथ्याशी होतो. पहिल्या टप्प्यात काही नाही, गप्पा मारत चढलो. अर्ध्याच्या थोडं वर गेलो आणि कॅथलॅबवाल्यांनी लिहिलं होतं तेच अगदी तसंच झालं. छातीत दुखणं नाही, चक्कर नाही, नुसते पाय वाळूनं भरल्यासारखे. ही म्हणाली, "आत्ता ११९ होते, आता ८४ दाखवतंय." पायरीवर बसलो. समोर एक माकडीण पिल्लाला घेऊन बसली होती, ती आमच्याकडे बघत होती. दोन मिनिटांत पुन्हा पहिल्यासारखं. तीनदा असं झालं, तिन्ही वेळा हिनं आकडे वहीत लिहिले. बसत बसत वर पोचलो, दर्शन झालं.

आधी माहीत नसतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो आणि कायमचा घरी बसलो असतो.

---

फुटाळा_सकाळ | २९ मे, सायंकाळी ६:००

डॉक्टरांना वही दाखवली. यंत्र जोडून आलेख काढला तर ठोक्यांची गर्दी १२० पाशी भिंतीला टेकल्यासारखी. ट्रेडमिल झाली, हद्द १४५ केली. परवा पुन्हा रामटेक. एकदाही आकडा घसरला नाही. शेवटच्या वळणावर ही दम खायला थांबली, मी नाही.

नागद्वारीचं ठरवलंय ते असं. सातपुडा_वाट यांच्याशी फोनवर तासभर बोललो. ते अजूनही नाहीच म्हणतात आणि त्यांचं मला बरंच पटलंय. तेव्हा पूर्ण फेरी यंदा नाही. मंडळाचा भंडारा ज्या पहिल्या टप्प्यावर लागतो तिथवर जाणार, तीन दिवस तिथेच पुऱ्या लाटणार. शिड्यांकडे फिरकणार नाही. डिसेंबरात चौरागड, वरपर्यंत.

---

सातपुडा_वाट | २९ मे, सायंकाळी ६:२५

पुऱ्या लाटायला मी पण येतो. शब्द दिला.

---

सौ_महालकर | २९ मे, रात्री ८:००

दादा, मी आधी विरोध केला होता. वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा विचारलं. सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास चालायला परवानगी मिळाली. आधी का विचारलं नाही याचं वाईट वाटलं. आता अंबाझरीला नेते त्यांना.

---

फुटाळा_सकाळ | २४ डिसेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. चौरागड झालं. थंडी कडाक्याची होती, पहाटे तोंडातून वाफ निघत होती. पाठपिशवीचा डावा पट्टा पेसमेकरवर घासत होता, म्हणून हिनं जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरी घडीचं एक उशीवजा शिवून पट्ट्याला लावलं. ज्यांना बसवलाय त्यांनी हे जरूर करून पाहा, खूप फरक पडतो. वर नाडी जास्तीत जास्त १३८ गेली.

परत येऊन तीन दिवस झाले. काल रात्री मला तीनला जाग आली. ही गाढ झोपलेली होती.

---

नवी_सदस्या_कोराडी | २५ डिसेंबर, सकाळी ७:०५

मी धागा पहिल्यांदाच वाचतेय. माझ्या आईला परवा पेसमेकर बसवणार आहेत. ती दर नवरात्रात आमच्या घरून कोराडीच्या देवीला पायी जाते. कालपासून "माझं चालणं संपलं" म्हणून जेवत नाहीये. तिला काय सांगू?

---

फुटाळा_सकाळ | २५ डिसेंबर, सकाळी ७:२०

सांगू नका, आम्ही येतो. ही म्हणतेय तुमच्याशी पण बोलायचंय, आईइतकंच. दवाखाना कुठला आणि भेटायची वेळ काय, ते व्यक्तिगत निरोपात कळवा. येताना गाजराचा हलवा आणला तर चालेल का, की साखर आहे त्यांना?